करमुक्त बुंदी

माझ्या मेहुणीच्या लग्नाचा सगळा किराणा मी चुकीच्या गावातून आणला. गाव ओळखीचं होतं, दुकान मी स्वतः निवडलं होतं आणि निवडताना स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. आता एका गावची साखर काय आणि दुसऱ्या गावची काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो, म्हणून तर हा प्रसंग ओढवला. तो समजायचा तर आधी माझे मामेसासरे समजायला हवेत. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, आणि मला विचाराल तर साऱ्या भारतवर्षात, विक्रीकरावर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कर चुकवणारे गावोगाव असतात, कर भरणारेही शोधले तर सापडतात. पण 'इथं कर लागत नाही' हे शब्द कानावर पडताच ज्याचे डोळे नव्या नवरदेवासारखे चमकतात, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळामागे मामांचं घर. थोडी कोरडवाहू शेती, एक विहीर आणि भरपूर वेळ, एवढी त्यांची इस्टेट. कोणाला भजनाचा नाद असतो, कोणाला पत्त्यांचा. मामांना किराण्याचा नाद होता, आणि तोही खाण्याचा नव्हे. कोणता जिन्नस कोणत्या भागात कराशिवाय मिळतो, याचा सारा नकाशा त्यांच्या डोक्यात असे. त्यातलं किती खरं होतं देव जाणे. अर्धं ज्ञान एसटीच्या कंडक्टरांकडून आलेलं, पाव दुकानदारांकडून, आणि उरलेलं मामांनी विहिरीच्या काठावर बसून स्वतः तयार केलेलं. मी तेव्हा धाडच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि जगात आपल्याला न समजणारं काही नाही अशा वयात होतो. तरी मामा बोलायला लागले की मी गप्प ऐकत असे, कारण मधे तोंड घातलं तर ते पहिल्यापासून सुरू करत.

त्यांचा आनंद शिगेला पोचला तो छप्पन साली आपला मुलूख मुंबई राज्यात गेला तेव्हा. वऱ्हाड नागपूरकरांच्या मध्यप्रदेशातून उचललं, जालन्याचा भाग निजामाच्या जुन्या मुलखातून उचलला, खानदेश आधीपासून मुंबईचाच होता. सगळे एका राज्यात आले, पण विक्रीकराचे कायदे मात्र ज्याचे त्याचे जुनेच चालू राहिले. गावात पारावर लोक राजधानीवरून भांडत होते. नागपूरचं महत्त्व गेलं म्हणून कोणी हळहळत होता, मुंबई कोणाची म्हणून कोणी मुठी आवळत होता. मामा मात्र गल्लीतून अक्षरशः पळत आमच्याकडे आले. मी त्याच गावात सासरी आलो होतो, जेवायला बसलो होतो. माझ्या पानातल्या भाजीकडे बोट दाखवून म्हणाले, "जवाईबापू, एकाच घरात तीन चुली झाल्या. ज्या चुलीवरचं बेस, तिथं जेवाचं. असा योग मानसाच्या जन्मात येत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते देशभक्तीचं समजलो.

त्या दिवसापासून मामांच्या घरी एक जिन्नस एका गावातून आला तर दुसरा त्या गावातून येईना. साखर आणि इलायची जालन्याची, कारण निजामाच्या वेळच्या कायद्यानं ती म्हणे सुटलेली. तेल आणि मिरी-लवंग खानदेशातली. त्यासाठी आधी एसटीनं मलकापूर, तिथून रेल्वेनं पुढं. गूळ आणि डाळ मात्र आपल्या वऱ्हाडातलीच, 'त्यात आपला हात कोनी धरत नाही.' या प्रवासाला जे भाडं पडे त्यात घरचा वर्षाचा किराणा करासकट आला असता, हे मी एकदा त्यांना हिशेबानं पटवून द्यायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, भाडं वेगळं आणि कर वेगळा. भाडं दिलं की एसटी तुम्हाला कुठंतरी नेते. कर दिला की तुम्ही दुकानातच उभे.

कराची चव कळते असा त्यांचा दावा होता. कर भरलेली साखर उशिरा विरघळते आणि घशात किंचित अडते. एकदा आमच्याकडे चहा घेताना त्यांनी पहिल्याच घोटाला डोळे मिटले, मान हलवली आणि जाहीर केलं की ही साखर कर भरून आलेली आहे. माझी बायको आतून म्हणाली, "मामा, गुळाचा चहा हाये." मामांनी दुसरा घोट घेतला आणि म्हणाले, "मंग गुळात भेसळ हाये."

सीलबंद डब्यातल्या मालावर कर लागतो, सुट्यावर लागत नाही, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. तुपाचा डबा घ्यायला गेले की आधी दुकानदाराला तो फोडायला लावत. मग डब्यातलं तूप सुटं म्हणून विकत घेत, रिकामा डबा भंगार म्हणून वेगळा विकत घेत, आणि तिथल्या तिथं तूप परत त्याच डब्यात ओतून घरी निघत. एका फेरीत हा उघडा डबा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले होते. चिखलीच्या अलीकडे गाडीनं खड्डा घेतला आणि निम्मं तूप शेजारच्या प्रवाशाच्या नव्या धोतरावर गेलं. तो बिचारा रडायच्या बेतात होता. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला धीर दिला, की बिनघोर राहा, या तुपावर कर लागत नाही.

हळद दळलेली घेतली की कर, अख्खी घेतली की शेतमाल. तिखटाचंही तसंच. त्यामुळे मामांच्या घरात हळकुंडं, मिरच्या, धणे सगळं अख्खं येई आणि मामी जात्यावर नाहीतर उखळापाशी असत. मामींना हसू फार लवकर येई, त्यामुळे संसार टिकला. एकदा मी त्यांना विचारलं, मामा एवढा कर वाचवतात, त्याचं काय होतं? मुसळ खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सरकारचा वाचला का माह्या खांद्यानं भरला. भराव तं लागतेच कोनाले तरी."

धाडच्या बाजाराला मामा मुद्दाम माझ्याकडे मुक्कामाला येत. धाड पडतं अगदी मराठवाड्याच्या शिवेवर. बाजारात पलीकडच्या मुलखातले विक्रेते पाल ठोकून बसत, आणि माल तिकडचा, पाय इकडचे, तर कायदा कोणाचा, हा प्रश्न मामांना दिवसभर पुरे. एकदा त्यांनी मसाल्याच्या पालावर बसलेल्या एका म्हाताऱ्या चाचांना हाच प्रश्न घातला. मामांचं स्वच्छ धोतर, काळी टोपी, बरोबर मी, चष्मा लावलेला, हातात छत्री. चाचांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'साहब, अभी तो बोहनी भी नहीं हुई' म्हणत जिऱ्याची एक भली मोठी पुडी मामांच्या हातात कोंबली. आम्ही सरकारी माणसं आहोत असं समजले होते ते. मामा इतके दुखावले की त्यांनी पुडी परत केली, त्याच जिऱ्याचे पैसे देऊन ती पुन्हा घेतली, आणि मग चाचांच्या शेजारी बसकण मारून संध्याकाळपर्यंत त्यांना कायदा समजावला. चाचा उठेपर्यंत इतके तयार झाले होते, की पुढच्या बाजारी त्यांनीच मामांना दोन चुका दाखवल्या.

अशा माणसाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या त्या मेहुणीचं, लग्न साध्या रीतीनं कसं जमणार? जालन्यातल्या एका किराणा दुकानाच्या बाकावर मामा साखर तोलून होईपर्यंत बसले होते आणि निजामाच्या जुन्या कायद्याची तारीफ करत होते. शेजारी एक जाडजूड, पानाचा डबा मांडीवर घेतलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, साखरेचं काय घेऊन बसलात, खरा कायदा तुमच्या वऱ्हाडाचा. मी दर महिन्याला डाळ आणि गूळ आणायला देऊळगाव राजाला जातो. मामा उठून उभेच राहिले. गेली दोन वर्षं ही दोन माणसं एकाच रस्त्यानं उलट्या दिशांनी, उलट्या पिशव्या घेऊन, एकमेकांना खिडकीतून ओलांडत होती. त्या बाकावर त्यांनी जो वाद घातला तो दुकान बंद होईपर्यंत चालला. वादाच्या ओघात यांना लग्नाची मुलगी आहे आणि त्यांना मुलगा आहे हे निघालं, आणि आमच्या सुमनचं लग्न ठरलं. मुलगा शिकलेला होता, शांत होता. सुमन त्याला एकदा बघून आली आणि पुढचे आठ दिवस घरात गुणगुणत फिरत होती, म्हणजे तिचीही पसंती होती.

हुंडा नको, मानपान नको, असं व्याही म्हणाले. अट एकच घातली, आणि ती ऐकून मामांना आकाश ठेंगणं झालं. लग्नाच्या पंगतीत कर भरलेला एकही जिन्नस असता कामा नये. 'एक जरी निघाला, तर बुंदीला हात न लावता मी उठेन.' दोघंही हसत होते, पण मामी हसल्या नाहीत. मुलाचा बाप भर मांडवात गोडाला हात न लावता उठला, तर तो गमतीनं उठला हे किती जणांना कळणार? मुलगी नांदायला जाते तिथं अशा गोष्टी म्हातारपणापर्यंत तिच्या मागं येतात. मामींनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की याईचा पोरखेळ होते, आनं भोगाचं पोरीले लागते, ध्यान ठेवा.

मी ध्यान ठेवतो म्हणालो.

आणि लग्नाच्या तोंडावर मामांचा पाय मुरगळला. एसटीच्या टपावरून गुळाची ढेप उतरवताना शिडीची शेवटची पायरी नव्हतीच, ती होती असं समजून त्यांनी पाय ठेवला. घोटा भोपळ्याएवढा सुजला, वैदूनं पट्टा बांधून खाटेवर निजवलं. गूळ आणि डाळ घरात येऊन पडली होती, पण साखर जालन्याहून आणायची होती, तेल-मसाला खानदेशातून. घरात कर्ता पुरुष मी. मी छाती पुढं काढून म्हणालो, मामा, काळजी सोडा. मामांनी माझा हात धरला आणि कोणती गाडी, कोणतं दुकान, दुकानदाराला आधी काय विचारायचं, हे सारं इतक्यांदा घोकून घेतलं की शाळेतली पोरं माझ्यापुढं कशी बसत असतील याची मला पहिल्यांदा कल्पना आली.

निघालो तो आधी खानदेशची मोहीम उरकावी म्हणून मलकापूरला गेलो. गाडीला अवकाश होता. स्टेशनासमोर एक मोठं दुकान होतं. मालकानं मला 'या गुरुजी' म्हणून हाक मारली, आणि मी तिथंच संपलो. माझ्याकडे बघून त्याला मी गुरुजी आहे हे कसं कळलं, याचंच मला कौतुक. गाद्यांवर बसवलं, लिंबाचं सरबत पाजलं, लग्नाचा बेत विचारला. साखर, तेल, इलायची, लवंग, सगळं त्याच्याकडे होतं. शिवाय कापूस टाकून रिकामे परत जाणारे ट्रक दारातूनच देऊळगावकडे निघत होते. मलकापूर वऱ्हाडातलंच, त्यामुळे सगळ्यावर कर लागणार होता, हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मी मनातल्या मनात गणित मांडलं. इथून पुढचं रेल्वेचं भाडं, परतीचं भाडं, हमाल, मग जालना, पुन्हा हमाल. कर त्याच्या निम्म्यानंही होत नव्हता. गणित इतकं सुंदर सुटलं की मला ते फळ्यावर लिहून दाखवावंसं वाटलं. आणि मामांना कळणार कसं? साखरेला काय तोंड आहे? मी सारा माल तिथंच भरला, ट्रकमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो आणि रस्ताभर शीळ घालत आलो. माल थेट लग्नघराच्या कोठीत उतरवला. मामा खाटेवर. त्यांना सांगितलं, साखर जालन्याची, बाकी खानदेशचं, सगळं एका व्यापाऱ्यानं ट्रकमध्ये घालून दिलं. मामांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला स्वतःलाही क्षणभर ते खरं वाटलं.

बायकोला मात्र रात्री सांगितलं. माझी हुशारी कोणीतरी पाहायला हवी होती. तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, उजाडल्याबरोबर मामाला सांगा. मी म्हटलं, सांगतो. उजाडलं, आणि बुंदी पडायला लागली. आचाऱ्यानं पहिला घास मामांकडे पाठवला. मामांनी डोळे मिटून तो तोंडात घोळवला. मी दाराआड उभा. मामा म्हणाले, "वा. जालन्याच्या साखरेची बातच न्यारी. कशी लोन्यावानी विरघळते." आता हे ऐकल्यावर मी कोणत्या तोंडानं सांगणार?

साखरेला तोंड नसतं हे माझं म्हणणं खरंच होतं. पण पोत्याला असतं. आमच्याकडे लग्नघरात रिकामं झालेलं पोतं फुकट जात नाही. बायका ते उसवतात, झटकतात, एकाला एक जोडून लांब पट्ट्या शिवतात आणि त्याच पट्ट्या पंगतीला बसायला अंथरतात. हे मी जन्मापासून बघत आलो होतो, त्या पट्ट्यांवर शेकडो वेळा मांडी घालून जेवलो होतो. मलकापूरच्या त्या गोड दुकानदारानं प्रत्येक पोत्यावर आपला निळा शिक्का मारला होता, वर उगवता सूर्य आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'मलकापूर', तेही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

त्या भेटल्या लग्नाच्या पंगतीत. अक्षता पडल्या होत्या. मुख्य पंगत बसत होती. व्याही पाटावर, भोवती रांगोळी, समोर पान वाढलेलं. मी बुंदीची परात घेऊन ओळीतून येत होतो, आणि व्याह्यांच्या बरोबर समोरच्या पट्टीवर, जिथं अजून कोणी बसलं नव्हतं, मला तो सूर्य उगवलेला दिसला. व्याही पानाचा डबा बंद करत होते. त्यांनी मान वर केली असती तर संपलंच. मला एकच सुचलं. मी परातीसकट त्या अक्षरांवर बसलो.

वाढपी पंगतीत बसतो हे देऊळगावात कोणी पाहिलं नव्हतं. लोक माझ्याकडे बघायला लागले. मला चक्कर आली असं समजून कोणीतरी पाणी घेऊन धावलं. मी म्हटलं, काही नाही, जरा टेकलो. पण अक्षरं मोठी आणि माझी शरीरयष्टी मास्तराची. डावीकडे सरकलं की उजवीकडून 'र' बाहेर येई, उजवीकडे सरकलं की डावीकडून 'म' डोकावे. मी बसल्या जागी असा काही डुलायला लागलो, की पलीकडच्या एका आजोबांनी टाळ्या वाजवून ठेका धरला. व्याही माझ्याकडे एकटक पाहत होते. एवढ्यात काठी टेकत, लंगडत, डोक्याला फेटा आणि चेहऱ्यावर विजय घेऊन मामा पंगतीत आले, व्याह्यांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, इचारा काय इचाराचं ते.

व्याह्यांनी सुरुवातीपासून सुरू केलं. डाळ कुठली, गूळ कुठला, तेल कुठलं. मामा प्रत्येक उत्तर असं देत होते की जणू मंगलाष्टकाचं एकेक कडवं म्हणताहेत. पंगत हात राखून ऐकत होती.

"आनं साखर?"

"जालन्याची. तुमच्याच गावची."

व्याह्यांनी बोट माझ्याकडे केलं. "मग जावयाच्या बुडाखाली मलकापूर कामून आलं?"

मी उठलो. दुसरं काय करणार? पाच अक्षरं आणि एक सूर्य सगळ्या पंगतीनं वाचला. आचारी झारा घेऊन बाहेर आला. माजघराच्या दारात सुमन उभी होती, मुंडावळ्या अजून कपाळाला, आणि तिच्या मागं मामी. सुमनच्या चेहऱ्यावरचं हसू नुसतं राहून गेलं होतं, ते काढायचं तिला सुचलं नव्हतं. व्याह्यांचा हात पानापासून मागं आला. मला गणित आठवत होतं, सगळं बरोबर सुटलेलं गणित, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मामांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग दाराकडे पाहिलं. तिथं त्यांची नजर जरा थांबली. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मीच धाडलं होतं त्याईले मलकापुरले," मामा म्हणाले. "पोरीच्या लग्नात समद्याईले आहेर केला. न्हाव्याले केला, कुंभाराले केला, वाजंत्र्याईले केला. म्हटलं, एक सरकारच काऊन उपाशी ठेवाव?"

जन्मभर ज्यानं हळकुंडाचा कर वाचवायला बायकोचे खांदे झिजवले, तो माणूस भर मांडवात हे बोलत होता. अट मोडली होती, आणि पैज व्याह्यांनी जिंकली होती. आयुष्यभर सांगत फिरावं असा विजय समोर वाढून ठेवलेला होता. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, ते थुंकून यायला हवं हे आठवलं, उठले, मांडवाबाहेर गेले. ते उठताच मामींनी सुमनचा खांदा धरला. बाहेर चूळ भरल्याचा आवाज आला. व्याही परत आले, पाटावर बसले, आणि चिमूटभर बुंदी उचलून तोंडात टाकली.

"कराची हाय," ते म्हणाले, "पर गोड हाय. वाढा जावई, हात कामून आखडला?"

मग जी पंगत रंगली तिला तोड नाही. मी बुंदी वाढत होतो आणि जो तो मला थोडं डुलून दाखवा म्हणत होता. मामा मला एका शब्दानं रागावले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. फक्त रात्री पट्ट्या गुंडाळताना म्हणाले, पहिल्या घासालाच मला कळलं होतं, साखर घशात अडलीच होती. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? मामा म्हणाले, तुम्ही दाराआड उभे होतात.

सुमन जालन्याला नांदायला गेली, आणि मामांच्या घरातली साखर भराभर संपायला लागली. दर पंधरवड्याला मामा पिशवी घेऊन जालन्याला. मामी म्हणत डबा भरलेला आहे, मामा म्हणत हवेनं ओलसर झाली. लेकीच्या घरी बापानं काही कारणाशिवाय जायचं नसतं, तिथलं पाणीदेखील प्यायचं नसतं, अशी आमच्या जुन्या लोकांची रीत. मामा आधी दुकानाच्या त्या बाकावर जाऊन बसत. थोड्या वेळानं व्याही सहज फिरत फिरत तिकडे येत आणि यांना ओढून घरी नेत. मामा ओसरीवर टेकत, पिशवी दोन पायांत धरून सांगत, साखर घ्याले आलतो, म्हटलं दिसून जाव. सुमन समोर उभी राहून दोन गोष्टी बोले आणि शेवटच्या एसटीनं मामा परत येत. हे सगळं मला बायकोनं पुढं सांगितलं. तेव्हा माझी समजूत एवढीच, की म्हातारा करापायी वेडा झाला आहे आणि घराला मुंग्या लागणार आहेत.

म्हणूनच ती बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मी आनंदानं उडालो. नव्या वर्षापासून सगळ्या राज्याला विक्रीकराचा एकच कायदा. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, सगळीकडे सारखंच. मी शाळेतून रजा काढली, मिळेल त्या गाडीनं देऊळगावला पोचलो, ही मोठी बातमी मामांना दुसऱ्या कोणी आधी सांगू नये म्हणून. मामा अंगणात कुंपणाची काटी नीट करत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"जालन्यातबी?"

"जालन्यातही, मामा. आता कुठं जायची गरज नाही."

मामांनी हातातली काटी खाली ठेवली. म्हणाले, "मंग जालन्याले कायच्यासाठी जाव?"

मला वाटलं ते मला कोडं घालताहेत. मी उत्तर दिलं, की तेच तर म्हणतो, जायचंच नाही. मामा बरं म्हणाले, आत गेले आणि दाराआडच्या खुंटीला पिशवी अडकवून ठेवली. ती तिथंच राहिली. पुढं थोड्याच महिन्यांत महाराष्ट्र झाला. शाळेत झेंडा लागला, पोरांना जिलेबी वाटली, मी मामांसाठी द्रोण भरून घेऊन गेलो. त्यांनी जिलेबी खाल्ली आणि साखर कुठली म्हणून विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि बायको तिथंच होतो. एका दुपारी जालन्याच्या गाडीचा कंडक्टर मुद्दाम घरापर्यंत आला. व्याह्यांनी निरोप दिला होता, की जालन्यात इलायचीवर अजून कर लागलेला नाही, दुकानदाराला कायदा नीट समजला नाही म्हणे, तर त्याला समजायच्या आत यावं. मामा खाटेवरून असे उठले, की पाय कधी मुरगळला होता हे त्यांना आठवतही नसावं. खुंटीची पिशवी काढली. चिमूटभर इलायचीसाठी ती पायलीभर माल मावेल अशी पिशवी, आणि मामी तिच्यात कुरडया भरत होत्या, बोरकूट भरत होत्या, सुमनला आवडतो तो मुरांबा फडक्यात बांधून ठेवत होत्या.

मी मामांना वाटेत अडवलं. म्हटलं, मामा, हे शक्य नाही, कायदा सगळीकडे एकच आहे, इलायचीला वेगळी सूट असूच शकत नाही, थांबा, मी तुम्हाला समजावून सांगतो. मामा अतिशय नम्रपणे माझं ऐकत राहिले. बाहेर कंडक्टर घाई करत होता. मग त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, पिशवी बगलेत मारली आणि गल्लीतून झपाझप निघाले. पाठमोरी काळी टोपी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग बायकोकडे वळून म्हटलं, अगं, त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

ती मामींबरोबर सांडलेल्या कुरडया वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "मामाले समदं ठाऊक हाये. ह्या घरात येडं एकच हाये, आनं ते जालन्याले नाही गेलं."